‘/फी/’ च्या आत राहणारं ॲप: सबपाथ, रिव्हर्स प्रॉक्सी आणि बाहेरचा पत्ता



आजच्या भागात कॉन्फिगच्या ओळी बऱ्याच आहेत, आणि त्या नुसत्या ऐकून डोक्यात राहत नाहीत. म्हणून हा लिखित मजकूर. बसमध्ये, लोकलमध्ये ऐकलं असेल तर निवांत बसल्यावर एकदा वाचून काढा.

विषय असा आहे. एक डोमेन आहे, त्यावर मुख्य वेबसाइट चालू आहे. आता तुम्ही केलेलं एक नवीन ॲप त्याच डोमेनवर, पण ‘/फी/’ अशा पत्त्याखाली चालवायचंय. याला सबपाथवर होस्ट करणं म्हणतात. समोर एक रिव्हर्स प्रॉक्सी उभी असते, म्हणजे इंजिनएक्स, अपाची, कॅडी किंवा ट्रॅफिक यांपैकी काहीतरी. बाहेरची प्रत्येक रिक्वेस्ट आधी तिच्याकडे येते आणि ती ठरवते, ही कोणाकडे पाठवायची. प्रॉक्सी म्हटलं की आपल्याला कॉलेजची हजेरी आठवते. ते अगदीच चुकीचं नाही. हाक एकाच्या नावाने, उत्तर दुसऱ्याचं.

ऐकायला हे दहा मिनिटांचं काम. कुठूनतरी चार ओळी घ्या, टाका, सर्व्हर रीलोड करा. होम पेज दिसतं, आपण खूश. मग लॉगिनवर क्लिक केलं की ४०४. नाहीतर पान येतं, पण सीएसएस नाही, सगळं पांढरं आणि उघडंबोडकं. मग आणखी चार ओळी, आणखी एक स्टॅक ओव्हरफ्लो, रात्रीचे दोन.

आज मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. प्रॉक्सीत काय लिहिलं, हा अर्धाच भाग आहे. तुमच्या ॲपला स्वतःचा बाहेरचा पत्ता माहीत आहे का, हा खरा प्रश्न आहे. बाकी सगळी डोकेदुखी त्यातूनच निघते.

सोसायटीचा वॉचमन

एक मोठी हाउसिंग सोसायटी डोळ्यांसमोर आणा. गेटवर वॉचमन. आत ए, बी, सी अशा विंग. कुरिअरवाला येतो, पाकिटावर लिहिलंय ‘बी विंग, ३०२’. वॉचमन ते बी विंगमध्ये पोचवतो. इथवर ठीक.

आता बी विंगच्या ३०२ मध्ये राहणारे काका असे आहेत, की त्यांना आपण बी विंगमध्ये राहतो हेच माहीत नाही. त्यांच्या लेखी त्यांचा स्वतंत्र बंगला आहे. ते सगळ्यांना पत्ता देतात, ‘३०२ ला या’. पाहुणा गेटवर येतो, ‘३०२’ म्हणतो, आणि वॉचमन त्याला सरळ ए विंगच्या ३०२ मध्ये पाठवतो, कारण विंग सांगितली नाही तर ए, असा तिथला नियम. तिथे दार उघडतं भलतंच माणूस.

काका म्हणजे तुमचं ॲप. ए विंग म्हणजे डोमेनच्या मुळाशी, नुसत्या ‘/’ वर बसलेली मुख्य साइट. ॲप जेव्हा पानात ‘/लॉगिन’ अशी लिंक लिहितं, तेव्हा ते पाहुण्याला विंग न सांगता पत्ता देत असतं. ब्राउझर बिचारा सरळ मुख्य साइटकडे जातो.

आणि तिथे दर वेळी ४०४ च मिळेल असंही नाही. मुख्य साइट वर्डप्रेसची असेल, तर ‘/लॉगिन’ मागितल्यावर वर्डप्रेस स्वतःच्या लॉगिन पानावर नेऊन सोडतं. ‘/ॲडमिन’ चंही तेच. म्हणजे तुमच्या ॲपचा युजर वर्डप्रेसच्या खिडकीत आपला पासवर्ड टाकत बसतो आणि म्हणतो, ‘पासवर्ड चुकतोय.’ चूक सापडायला यापेक्षा वाईट जागा नाही, कारण दिसताना सगळं चालू दिसतं.

एका स्लॅशचा फरक

आता आत येणाऱ्या पाकिटांचं बघू. प्रॉक्सीसमोर दोन पर्याय असतात. पत्त्यातला ‘/फी’ तसाच ठेवून ॲपकडे द्यायचा, किंवा तो खोडून द्यायचा.

इंजिनएक्समध्ये हा निर्णय एका स्लॅशवर होतो. लोकेशन आहे ‘/फी/’. त्यात प्रॉक्सी-पासच्या पुढे नुसतं ‘लोकलहोस्ट:८०००’ लिहिलं, तर ब्राउझरने मागितलेलं ‘/फी/लॉगिन’ ॲपकडे जसंच्या तसं जातं. शेवटी स्लॅश देऊन ‘लोकलहोस्ट:८०००/’ लिहिलं, तर लोकेशनशी जुळलेला भाग काढून त्या जागी ‘/’ येतो, आणि ॲपला फक्त ‘/लॉगिन’ दिसतं.

दोन्ही बरोबर आहेत. फक्त ॲपची अपेक्षा कोणती आहे, ते आधी माहीत हवं.

गंमत तिसऱ्या प्रकारात आहे. लोकेशन लिहिलं ‘/फी’, शेवटी स्लॅश न देता, आणि प्रॉक्सी-पास मात्र स्लॅशसकट. आता ‘/फी/लॉगिन’ मधला ‘/फी’ जाऊन ‘/’ येतो, आणि ॲपला मिळतं ‘//लॉगिन’. दोन स्लॅश. काही फ्रेमवर्क हे खपवून घेतात, काही ४०४ देतात. शिवाय हे लोकेशन नुसत्या सुरुवातीच्या अक्षरांवर जुळतं. त्यामुळे मुख्य साइटवर उद्या कोणी ‘/फीडबॅक’ नावाचं पान केलं, तर तेही फीच्या ॲपकडे येईल, आणि तेही ‘/डबॅक’ होऊन! हसू येतं, पण सहा महिन्यांनी असं झालं तर कोणाला काही कळत नाही.

म्हणून सवय लावा. इंजिनएक्समध्ये लोकेशन नेहमी ‘/फी/’ असं, शेवटच्या स्लॅशसकट लिहा. त्यात प्रॉक्सी-पास असेल आणि कोणी स्लॅश न देता ‘/फी’ उघडलं, तर इंजिनएक्स स्वतःच ३०१ देऊन ‘/फी/’ वर पाठवतं. हा शेवटचा स्लॅश दिसायला क्षुल्लक आहे, पण ब्राउझर त्यावरूनच हिशेब करतो. पानात ‘स्टाइल.सीएसएस’ असा सापेक्ष पत्ता असेल, तर ‘/फी/’ वर उभं राहून तो ‘/फी/स्टाइल.सीएसएस’ होतो. ‘/फी’ वर उभं राहून तोच पत्ता ‘/स्टाइल.सीएसएस’ होतो. २००५ सालच्या आरएफसी ३९८६ मध्ये पत्ते जोडायचे नियम लिहिलेले आहेत, आणि सगळे ब्राउझर या बाबतीत तसंच वागतात.

इतर प्रॉक्सींमध्येही हेच दोन पर्याय आहेत, नावं वेगळी. कॅडीमध्ये ‘हँडल’ वापरलं तर पत्ता तसाच राहतो, ‘हँडल-पाथ’ वापरलं तर पुढचा भाग कापला जातो. ट्रॅफिकमध्ये ‘स्ट्रिप-प्रिफिक्स’ नावाचं मिडलवेअर लावावं लागतं. ते कापलेला भाग एक्स-फॉरवर्डेड-प्रिफिक्स या हेडरमध्ये टाकून ॲपला कळवतंही. हे कळवणं महत्त्वाचं, त्याच्याकडे पुन्हा येतो.

वॉचमनने पाकीट फोडून पत्ता दुरुस्त करावा का?

इथे बरेच जण म्हणतात, ‘ॲपला हात कशाला लावायचा? प्रॉक्सीच बाहेर जाणारं सगळं दुरुस्त करेल की.’

काही गोष्टी ती करते. पाकिटाच्या वर लिहिलेलं वॉचमनला वाचता येतं. ॲपने रीडायरेक्ट दिला, तर नवीन पत्ता लोकेशन नावाच्या हेडरमध्ये असतो, आणि इंजिनएक्समधलं प्रॉक्सी-रीडायरेक्ट तो बदलू शकतं. अपाचीत त्यासाठी प्रॉक्सी-पास-रिव्हर्स आहे. कुकीतला पाथ बदलायला इंजिनएक्समध्ये प्रॉक्सी-कुकी-पाथ आहे.

पण पाकिटाच्या आतलं पत्र? म्हणजे एचटीएमएलमधल्या लिंक, फॉर्मचे ॲक्शन, चित्रांचे पत्ते? इंजिनएक्समध्ये सब-फिल्टर आहे, तो मजकुरात शोधून बदल करतो. पण ॲपने उत्तर जीझिप करून पाठवलं असेल तर त्याला आतलं वाचता येत नाही. म्हणजे ते कॉम्प्रेशन आधी बंद करा. शिवाय मुळात तो फक्त एचटीएमएलला हात लावतो, जेसन किंवा जावास्क्रिप्टसाठी वेगळं सांगावं लागतं.

आणि सगळ्यात अवघड भाग म्हणजे, आजच्या ॲपमध्ये अर्धे पत्ते पत्रात लिहिलेलेच नसतात. ते युजरच्या मोबाइलवर जावास्क्रिप्ट तयार करतं. ‘/एपीआय/’ ला पुढे एक व्हेरिएबल जोडलं, झाला पत्ता. तो गेटवरून गेलेलाच नाही, मग वॉचमन काय दुरुस्त करणार? पाहुणा घरी बसून मनानेच पत्ता बनवतोय.

म्हणून सब-फिल्टर हे पायाला बांधलेलं फडकं आहे. एखादं जुनं ॲप, सोर्स कोड हाताशी नाही, तिथे नाइलाजाने वापरा. स्वतः लिहिलेल्या ॲपला वापरू नका.

पैसे कट, पावती नाही

आता म्हणाल, एवढं काय, दोन लिंक तुटल्या तर करू दुरुस्त. तर एक खरं प्रकरण सांगतो. कॉलेजचं नाव नको, ज्यांनी ॲप केलं त्यांचंही नको.

एका जिल्ह्याच्या गावातलं कॉलेज. फी भरायचं ॲप जँगोमध्ये केलेलं. चाचणी झाली तेव्हा ते एका वेगळ्या सर्व्हरवर, थेट मुळाशी चालत होतं. ॲडमिशनच्या तोंडावर ते कॉलेजच्या मुख्य डोमेनवर, ‘/फी/’ खाली हलवलं गेलं. मुख्य साइट वर्डप्रेस. हलवताना होम पेज पाहिलं, लॉगिन पाहिलं, दोन-चार पानं पाहिली. सगळं हिरवं. काम झालं म्हणून कळवलं.

पैसे मात्र कोणी भरून पाहिले नव्हते.

पेमेंट गेटवेचं काम कसं चालतं? तुमचं ॲप गेटवेला सांगतं, ‘पैसे भरून झाले की विद्यार्थ्याला या पत्त्यावर परत पाठव.’ या ॲपमध्ये तो परतीचा पत्ता हाताने लिहिलेला होता: डोमेन, आणि पुढे ‘/पेमेंट/रिटर्न’. त्यात ‘/फी’ नव्हता. म्हणजे विद्यार्थी पैसे भरणार, बँकेतून रक्कम जाणार, आणि परत येताना तो ए विंगमध्ये उतरणार. समोर वर्डप्रेसचं पान, ‘क्षमस्व, हे पान सापडलं नाही.’

एवढ्यावर थांबत नाही. गेटवे विद्यार्थ्याच्या ब्राउझरवर विसंबून राहत नाही, तो सर्व्हरला वेगळा निरोपही पाठवतो, वेबहूक. त्याचा पत्ताही त्याच पद्धतीने लिहिलेला. तोही वर्डप्रेसकडे गेला, तोही ४०४. म्हणजे ॲपला पैसे आल्याचं कोणत्याच वाटेने कळलं नाही. ॲपमध्ये फी ‘पेंडिंग’.

मला फोन आला तेव्हा शेवटच्या तारखेला दोन दिवस होते. ऑफिसच्या मॅडम म्हणाल्या, ‘सर, पोरं रडकुंडीला आलीत. पैसे गेलेत म्हणतात, मेसेज दाखवतात, आणि इथं तर पेंडिंगच दिसतंय. काहींनी तर परत भरले.’ त्यांनी एका वहीत नावं, तारीख, रक्कम, बँकेच्या मेसेजमधला नंबर, सगळं लिहून ठेवलं होतं. नंतर त्या वहीचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

शोध फार मोठा नव्हता. प्रॉक्सीच्या ॲक्सेस लॉगमध्ये ४०४ वेगळे काढले. ‘/पेमेंट/रिटर्न’ वर पोस्ट रिक्वेस्ट, ओळीने. मुख्य साइटवर असं पानच नाही, मग तिथे कोण पोस्ट करतंय? उत्तर तिथेच होतं.

त्याच दिवशी प्रॉक्सीत ‘/पेमेंट/’ नावाचं एक जादा लोकेशन टाकून ते ॲपकडे वळवलं. हे ठिगळ होतं, पण पुढच्या मुलांचे पैसे सुरक्षित झाले. मग कोड दुरुस्त केला, गेटवेच्या डॅशबोर्डवरचे व्यवहार आणि मॅडमची वही समोरासमोर ठेवून एकेक नोंद जुळवली, आणि दोनदा आलेली रक्कम परत पाठवायची यादी तयार केली.

फीची रक्कम दोनदा भरणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. एखाद्या घरात ती महिन्याची कमाई असते. आणि हे सगळं कशामुळे, तर पत्त्यात ‘/फी’ हा शब्द नव्हता म्हणून.

ॲपला पत्ता सांगायचा कसा?

ही गरज काही नवीन नाही. वेबच्या सुरुवातीच्या काळात सीजीआय होतं, तेव्हापासून सर्व्हर प्रोग्रामला दोन वेगळ्या गोष्टी सांगत आलाय. एक स्क्रिप्ट-नेम, म्हणजे तू कुठे बसलायस. दुसरी पाथ-इन्फो, म्हणजे तुझ्या आत काय मागितलंय. २००४ च्या आरएफसी ३८७५ मध्ये ही दोन्ही नावं आहेत, आणि पायथनच्या डब्ल्यूएसजीआयने ती तशीच उचलली. आपल्या भाषेत, स्क्रिप्ट-नेम म्हणजे विंग, पाथ-इन्फो म्हणजे फ्लॅट नंबर.

जँगोमध्ये फोर्स-स्क्रिप्ट-नेम ही सेटिंग आहे. तिथे ‘/फी’ लिहिलं की रिव्हर्स फंक्शनने तयार केलेला प्रत्येक पत्ता ‘/फी’ लावून बाहेर पडतो. फ्लास्कमध्ये वर्कझ्यूगचं प्रॉक्सी-फिक्स आहे, त्याला किती प्रॉक्सींच्या प्रिफिक्सवर विश्वास ठेवायचा ते सांगायचं. फास्टएपीआयमध्ये रूट-पाथ, स्प्रिंग बूटमध्ये कॉन्टेक्स्ट-पाथ. ग्राफानामध्ये रूट-यूआरएल आणि सबपाथवरून सर्व्ह करायची वेगळी सेटिंग आहे. जेनकिन्स सुरू करतानाच प्रिफिक्स देता येतो. नाव काहीही असो, प्रत्येक जण एकच गोष्ट विचारतोय: बाबा, तू राहतोस कुठे?

पण सेटिंग लावली म्हणजे सुटलो असं नाही. तिचा फायदा फक्त फ्रेमवर्ककडून तयार होणाऱ्या पत्त्यांना मिळतो. कोणी टेम्प्लेटमध्ये हाताने ‘/लॉगिन’ लिहिलं असेल, तर त्याला जँगो हात लावत नाही. फीच्या ॲपमध्ये नेमकं हेच होतं. म्हणून कोडमध्ये अवतरणचिन्हाला लागून स्लॅश कुठे कुठे आलाय, ते एकदा शोधून काढा. तेवढ्यात निम्मे घोटाळे सापडतात. जँगोची लॉगिन-यूआरएल ही सेटिंगही बघा. तिथे पत्त्याऐवजी यूआरएल पॅटर्नचं नाव दिलं की प्रिफिक्स आपोआप लागतो.

बॅकग्राउंड जॉब विसरू नका. रात्री एसएमएस किंवा ईमेल पाठवणारा जॉब कोणत्याही रिक्वेस्टच्या आत चालत नाही. त्याला प्रॉक्सीचे हेडर मिळत नाहीत. त्यामुळे डोमेन आणि प्रिफिक्स दोन्ही सेटिंगमधूनच द्यावे लागतात. नाहीतर ब्राउझरमध्ये सगळं नीट आणि एसएमएसमधली लिंक तुटलेली, असा प्रकार होतो.

हेडरबद्दल एक सावधगिरी. एक्स-फॉरवर्डेड-प्रिफिक्स हे रूढीने आलेलं हेडर आहे. २०१४ च्या आरएफसी ७२३९ ने फॉरवर्डेड नावाचं प्रमाण हेडर दिलं, पण त्यात होस्ट आणि प्रोटोकॉलला जागा आहे, प्रिफिक्सला नाही. तेव्हा तुमची प्रॉक्सी ते पाठवते का आणि ॲप ते वाचतं का, दोन्ही बघा. आणि बाहेरून कोणीही असं हेडर स्वतः घालून पाठवू शकतं. म्हणून प्रॉक्सीने ते नेहमी स्वतःच्या किमतीने ओव्हरराइट करावं, आणि ॲपने फक्त आपल्याच प्रॉक्सीवर विश्वास ठेवावा.

फ्रंटएंडवाल्यांसाठी

रिॲक्टवाले मित्र म्हणतील, आमचं तर सगळं ब्राउझरमध्ये चालतं. तुमचं काम उलट जास्त अवघड आहे. तुम्हाला प्रिफिक्स तीन ठिकाणी सांगावा लागतो.

एक, बिल्ड टूलला. व्हीटमध्ये बेस, नेक्स्ट-जेएसमध्ये बेस-पाथ. यामुळे स्क्रिप्ट आणि सीएसएसचे पत्ते बरोबर येतात. नेक्स्ट-जेएसचा बेस-पाथ बिल्डच्या वेळीच बंडलमध्ये गोठतो. म्हणजे ‘/फी’ बदलून ‘/शुल्क’ करायचं असेल, तर सर्व्हरवर व्हेरिएबल बदलून भागत नाही, पुन्हा बिल्ड.

दोन, राउटरला. रिॲक्ट राउटरमध्ये बेसनेम. नाहीतर राउटर ‘/फी/पावती’ बघून म्हणतो, असा रूटच नाही.

तीन, तुमच्या स्वतःच्या फेच कॉलना. ‘/एपीआय/’ ने सुरू होणाऱ्या फेचला कोणतंही टूल आपोआप प्रिफिक्स लावत नाही. एक छोटं फंक्शन करा, सगळे कॉल त्यातूनच जाऊ द्या.

पाथ म्हणजे भिंत नव्हे

आता सुरक्षेचं. हा भाग लक्ष देऊन ऐका.

सबपाथ वेगळा, म्हणून ॲप वेगळं, असं आपल्याला वाटतं. ब्राउझरला तसं वाटत नाही. ब्राउझर ओरिजिन बघतो, आणि ओरिजिन म्हणजे प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट. पाथ त्यात नाही. ब्राउझरच्या लेखी अख्खी सोसायटी म्हणजे एकच कुटुंब, कोणीही कोणाच्याही कपाटात हात घालावा.

लोकल-स्टोरेज एकच. मुख्य साइटच्या एखाद्या जुन्या प्लगइनमध्ये एक्सएसएसचं भोक असेल, तर तिथे घुसलेली स्क्रिप्ट ‘/फी/’ ची पानं युजरच्या नावाने उघडू शकते, वाचू शकते, फॉर्म भरू शकते. कुकीला पाथ लावला तरी ती भिंत होत नाही. कुकीची व्याख्या करणाऱ्या २०११ च्या आरएफसी ६२६५ मध्येच म्हटलंय, की सुरक्षेसाठी पाथवर विसंबू नका.

पण कुकीचा पाथ लावायचा मात्र नक्की, कारण दुसरंच आहे. जँगोच्या सेशन कुकीचं नाव आणि पाथ सगळ्या ॲपमध्ये मुळात सारखेच असतात, आणि पाथ असतो नुसता ‘/’. एकाच डोमेनवर ‘/फी/’ आणि ‘/लायब्ररी/’ अशी दोन जँगो ॲप असली, की एकात लॉगिन केल्यावर दुसऱ्याची कुकी पुसली जाते. काउंटरवरचा क्लार्क दोन्ही टॅब उघडून बसलेला असतो आणि म्हणतो, ‘एकात गेलं की दुसऱ्यातून बाहेर फेकतंय.’ प्रत्येक ॲपला कुकीचं वेगळं नाव आणि वेगळा पाथ द्या, हे भांडण मिटतं.

मग सबडोमेनच का नको?

रास्त प्रश्न. जमत असेल तर सबडोमेनच घ्या. ॲप मुळाशी बसतं, प्रिफिक्सचा प्रश्नच नाही, ओरिजिन वेगळं. पैसे आणि वैयक्तिक माहिती हाताळणाऱ्या ॲपसाठी माझं मत स्पष्ट आहे, सबडोमेन.

पण दर वेळी ते आपल्या हातात नसतं. डीएनएस तिसऱ्याच कोणाकडे असतं आणि एक रेकॉर्ड टाकायला पंधरा दिवस आणि तीन अर्ज लागतात. सर्टिफिकेट एकाच नावाचं घेतलेलं असतं. किंवा मोठ्या साहेबांना पोस्टरवर एकच पत्ता छापायचा असतो. आणि फ्रंटएंड ‘/’ वर, बॅकएंड ‘/एपीआय/’ वर, अशी रचना तर चांगलीच आहे, कॉर्सचा त्रास वाचतो. तेव्हा सबपाथ टाळता आला नाही तर वाईट वाटून घेऊ नका. फक्त ज्या ॲपला प्रिफिक्सची सेटिंगच नाही, त्याला जबरदस्तीने सबपाथवर बसवू नका.

सोडण्याआधी एवढं करा

एक. डेव्हलपमेंटमध्येच, पहिल्या दिवसापासून, ॲप प्रॉक्सीमागे आणि सबपाथवर चालवा. प्रिफिक्स मुद्दाम वेडावाकडा ठेवा, ‘/खटपट/’ वगैरे. जे तुटायचं ते तुमच्या लॅपटॉपवर तुटेल.

दोन. ब्राउझरची नेटवर्क टॅब उघडून पूर्ण ॲप फिरा. तुमच्या डोमेनवरची, पण प्रिफिक्स नसलेली एकही रिक्वेस्ट दिसता कामा नये.

तीन. जे रोज वापरत नाही ते मुद्दाम तपासा: लॉगआउट, पासवर्ड विसरलो, फाइल डाउनलोड, दुसऱ्या पानावर जाणं, ईमेलमधली लिंक. गूगलने लॉगिन असेल, तर तिकडे नोंदवलेला परतीचा पत्ताही प्रिफिक्ससकट बदला, तो अक्षरशः जुळावा लागतो.

चार. पैसे असतील तर एक रुपया खरा भरून, पावती हातात येईपर्यंत थांबा. गेटवेच्या टेस्ट मोडमध्ये वेबहूक पोचतोय का तेही बघा.

पाच. लाइव्ह झाल्यावर आठवडाभर प्रॉक्सीच्या लॉगमधले ४०४ वाचा. रेफररमध्ये ‘/फी/’ आहे, पण मागितलेल्या पत्त्यात नाही, अशी प्रत्येक ओळ म्हणजे ॲपने कोणालातरी दिलेला चुकीचा पत्ता. मुख्य साइटच्या मालकालाही सांगून ठेवा, कारण तुमच्या ॲपच्या चुका त्याच्या घरी जाऊन पडणार आहेत.

या पाच गोष्टींना एक दुपार लागते. ती दुपार वाचवली, तर तिचं बिल आपल्याला येत नाही, काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलाला येतं.

चला तर, आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या भागात याच प्रॉक्सीमागे वेबसॉकेट कसं चालवायचं आणि ते मिनिटाभराने गपकन का तुटतं, ते बघू. तुमच्याकडे एखादं ॲप सबपाथवर अडकलं असेल, तर लॉगमधली ओळ आणि लोकेशनचा तुकडा पाठवा. पासवर्ड आणि की तेवढ्या काढून टाका बरं का. भेटू!